रिकामी चाल

४ सप्टेंबर, शुक्रवार

दंतवैद्याच्या सांगण्यावरून ही वही सुरू करतोय. त्याचं म्हणणं, प्रोग्रॅममध्ये रोज काय बदललं ते लिहीत जा, नाहीतर कुठला दात काढला आणि कुठला भरला तेच ऐनवेळी आठवत नाही. दंतवैद्य म्हणजे माझा शाळेपासूनचा मित्र, दवाखाना आमच्याच गल्लीत. तो बुद्धिबळ माझ्यापेक्षा चांगलं खेळतो, पण त्याला प्रोग्रॅम लिहिता येत नाही. माझं बरोबर उलटं. म्हणून तीन वर्षांपूर्वी आम्ही दोघांनी मिळून बुद्धिबळ खेळणारा प्रोग्रॅम करायला घेतला. सत्तावीस तारखेला ग्रंथालयाच्या वरच्या सभागृहात अशा प्रोग्रॅमची स्पर्धा आहे. आठ प्रोग्रॅम, पाच फेऱ्या. गेल्या वर्षी आम्ही आठवे आलो होतो.

प्रोग्रॅमचं नाव आत्याबाई. घोडा इकडे गेला तर काय, त्याने प्यादं मारलं तर काय, यातच तिचा जन्म जातो. आत्याबाईला मिशा असत्या तर तिला काका म्हटलं असतं, हे ती सेकंदाला चार लाख वेळा म्हणते. नाव हिने सुचवलं. ही म्हणजे बायको.

या वहीत फक्त प्रोग्रॅमबद्दल लिहायचं. घरगुती काही नाही.

६ सप्टेंबर, रविवार

आत्याबाईचा मूळ आजार म्हणजे हळूपणा. पटावरच्या एका चालीला साधारण पस्तीस उत्तरं, त्या प्रत्येकाला पुन्हा पस्तीस. सहा-सात पायऱ्या खाली गेलं की इतक्या फांद्या फुटतात की सगळ्या बघायच्या म्हटलं तर प्रतिस्पर्धी घरी जाऊन जेवून येईल. म्हणून छाटणी. जी फांदी कामाची दिसत नाही, ती बघायचीच नाही. शितावरून भाताची परीक्षा. कसब एवढंच की चुकीची फांदी छाटायची नाही.

आज चालींची रांग लावली. मारामारीच्या चाली आधी, मग शह, आणि ज्यात काहीच घडत नाही अशा सगळ्यात शेवटी. राजा एक घर सरकला, प्यादं एक घर पुढे आलं, असल्या. त्यांना शांत चाली म्हणतात. रांगेच्या शेपटाकडच्या शांत चालींकडे आत्याबाई आता अर्ध्याच खोलीपर्यंत बघते. वेग दुप्पट झाला.

दंतवैद्य म्हणाला, "शांत चालीच घात करतात रे." मी म्हटलं, दुखत नसलेला दात तू तपासतोस का? तो म्हणाला, "हो." पुढे वाद घालण्यात अर्थ नव्हता.

७ सप्टेंबर, सोमवार

कालच्या सरावाच्या डावात आत्याबाईने एक उंटाची चाल का बघितली नाही, असं दंतवैद्य फोनवर विचारत होता. मी सांगितलं, "तिच्यात काही दम नाही रे. वरवर बघितली आणि सोडून दिली. तिच्यापायी किती वेळ घालवायचा माणसाने?"

मागे वळलो तर ही चहा घेऊन दारात उभी. म्हणाली, "कोण?"

"चाल," मी म्हटलं.

"अच्छा," म्हणाली, आणि चहा ठेवून गेली. चाल हा शब्द स्त्रीलिंगी पडल्यामुळे असे घोटाळे होतात. एका शब्दात खुलासा झाला हे बरं.

८ सप्टेंबर, मंगळवार

आजची नोंद घरगुती आहे, पण आत्याबाईच्या वेळापत्रकावर परिणाम होऊ शकतो म्हणून करतोय. ही कानाच्या डॉक्टरांकडे काम करते. ज्यांना ऐकू येत नाही त्यांना काचेच्या खोलीत बसवून किती ऐकू येतं ते तपासायचं आणि कानाला यंत्र बसवून द्यायचं. एकोणीस वर्षं झाली. दिवसभर मोठ्याने बोलावं लागतं, म्हणून घरी हळू बोलते. आज तिला पत्र आलं. रेल्वेने नऊ तासांवरच्या एका गावी मोठं इस्पितळ आहे, तिथला असला अख्खा विभाग तिने सांभाळायचा. अठ्ठावीसला रुजू व्हायचं. हो की नाही ते वीस तारखेपर्यंत कळवायचं.

जेवताना तिने पत्र माझ्यापुढे ठेवलं. "तुम्हाला काय वाटतं?"

मी पत्र दोनदा वाचलं. कागद चांगला आहे. म्हटलं, "विचार करून सांगतो."

"करा." मग ताट उचलता उचलता म्हणाली, "तुमचं काम काय, कुठूनही होतं."

हे खरं आहे. कुठली लिफ्ट आधी कुठल्या मजल्यावर धाडायची ते ठरवणारे प्रोग्रॅम मी एका कंपनीसाठी लिहितो, आणि घरी बसूनच लिहितो. पण हे विधान होतं, प्रश्न नव्हता. त्यामुळे उत्तर दिलं नाही.

१० सप्टेंबर, गुरुवार

आज मोठं काम झालं. आत्याबाईला रिकामी चाल शिकवली. युक्ती अशी: आपली पाळी आली, तरी आपण काही खेळलोच नाही असं धरायचं. समोरच्याला लागोपाठ दोन चाली फुकट द्यायच्या. एवढं करूनही आपण वरचढ राहत असलो, तर आपली बाजू भक्कम आहे, पुढे बघायची गरज नाही. अख्खी फांदी छाटून मोकळं व्हायचं. खऱ्या पटावर पाळी सोडता येत नाही. पण मनातल्या मनात सोडून बघायला कुणाच्या बापाचं काय जातं?

धोका एकच. डावाच्या शेवटी राजा आणि चार प्यादी उरली की कधी कधी अशी वेळ येते की काहीही खेळलं तरी नुकसानच. गप्प बसता आलं असतं तर वाचलो असतो, आणि नेमकं गप्प बसायची परवानगी नाही. तिथे रिकामी चाल साफ खोटं सांगते. म्हणून एक अडसर घालतात: नुसती प्यादी उरली की ही युक्ती बंद. मी अडसर घातला होता. दुपारी काढून टाकला. दर वेळी तो तपासण्यात वेळ जातो, आणि असली वेळ शंभर डावांत एकदा येते. दंतवैद्याला सांगितलं नाही. त्याच्याकडे गर्दी होती.

११ सप्टेंबर, शुक्रवार

हिच्या प्रश्नाला रिकामी चाल लावून बघितली. संध्याकाळी ती समोर बसली होती आणि आता विचारणार असं दिसत होतं. मी मुद्दाम काही बोललो नाही. तीही बोलली नाही. बातम्या बघितल्या. जेवण वेळेवर झालं. कुणी रुसलं नाही, भांडं आपटलं नाही. म्हणजे मी एक पाळी सोडूनही सगळं जागच्या जागी. मौनं सर्वार्थसाधनम् म्हणतात ते काही उगाच नाही. याच्या पुढे खोल जायचं कारण दिसत नाही.

१४ सप्टेंबर, सोमवार

नव्या आत्याबाईला जुन्या आत्याबाईशी शंभर डाव खेळवले. नवी एकसष्ट, जुनी एकोणचाळीस. दंतवैद्याने फोनवर शिट्टी मारली. समोर पेशंट तोंड उघडून बसला होता म्हणे.

मी काम करत असताना ही शिवणाची टेप घेऊन आली आणि माझं टेबल मोजायला लागली. आधी लांबी, मग रुंदी, मग मला उठवून खुर्ची मागे सरकवली आणि भिंतीपर्यंतचं अंतर.

"हे काय चाललंय?"

"काही नाही. तिकडचं घर दाखवलं त्यांनी फोनवर. एक खोली जास्तीची आहे. खिडकी मोठी आहे."

टेबलाची लांबी चार फूट दोन इंच भरली. मला वाटत होतं चार फूटच असेल. मोठी खिडकी चांगली, उजेड येतो.

१९ सप्टेंबर, शनिवार

ही म्हणाली, "उद्या वीस तारीख."

"हो ना," मी म्हटलं, "म्हणजे स्पर्धेला फक्त सात दिवस."

"मी हो कळवू का?"

"तुला बरं वाटेल ते कर," मी म्हटलं. बायकोला इतकं स्वातंत्र्य देणारे नवरे किती असतील? दंतवैद्य तर बायकोला विचारल्याशिवाय मोजेसुद्धा घेत नाही.

ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "पालथ्या घड्यावर पाणी." मग आत जाऊन दार लावून घेतलं. सव्वीस वर्षांच्या संसारात तिने आतून दार कधी लावलं नव्हतं. बहुतेक फोन करायचा असेल.

२२ सप्टेंबर, मंगळवार

लेकीचा फोन. ती नोकरीला दुसरीकडे असते आणि एरवी रविवारी फोन करते.

"बाबा, तुम्ही आईशी बोललात का?"

"रोजच बोलतो."

"अहो बाबा! नोकरीबद्दल. आईने हो कळवलंय, माहीत आहे ना?"

माहीत होतं. फ्रिजवर पत्राची प्रत लावली आहे.

"तुम्ही एकदा जाऊ नकोस म्हणा, नाहीतर मीही येतो म्हणा. दोन्हींपैकी काहीही. तिला दोन्ही चालेल. पण बोला हो काहीतरी!"

मी म्हटलं, दोन्ही चालत असेल तर मग घाई कसली? स्पर्धा झाली की बघू. तिने फोन ठेवला. मला वाटलं कट झाला, म्हणून परत लावला, तर उचलला नाही.

आत्याबाईच्या उंटांची किंमत थोडी वाढवली.

२५ सप्टेंबर, शुक्रवार

हिने तीन बॅगा भरल्या. उन्हाळ्याचे कपडे, थंडीचे कपडे, पुस्तकं, शिवणयंत्रसुद्धा एका खोक्यात. मी म्हटलं, "अगं, एवढं?" ती म्हणाली, "लागतं." पहिल्यापासून ती तयारीला जरा जास्तच पक्की. लग्नानंतर चार दिवस फिरायला गेलो तेव्हा तिने इस्त्री घेतली होती.

स्वयंपाकघरातली एक फळी रिकामी झाली आहे. त्यावर आत्याबाईच्या जुन्या डावांच्या फाइली मावतील.

२७ सप्टेंबर, रविवार

स्पर्धा. सविस्तर लिहितो.

सकाळी आम्ही दोघं एकदमच घराबाहेर पडलो. तिची गाडी नऊची, माझी पहिली फेरी साडेनऊची. सामान घेऊन जायला टेम्पो आला होता. तिने तिची किल्ली काढून माझ्या हातात दिली. "असू दे तुमच्याकडे." मी म्हटलं, बरं झालं, एक जास्तीची हवीच होती. टेम्पोत बसल्यावर ती बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. मीही बघितलं. मग म्हणाली, "नीट खेळा." मी म्हटलं, "मी कुठे, आत्याबाई खेळणार." टेम्पो गेला.

पहिल्या चार फेऱ्यांत तीन विजय, एक बरोबरी. दंतवैद्य खुर्चीत बसू शकत नव्हता. शेवटची फेरी जिंकली तर पहिला नंबर, बरोबरी झाली तरी दुसरा. समोर नकाशे काढण्याच्या नोकरीतून निवृत्त झालेल्या एक बाई. त्यांचा प्रोग्रॅम आमच्यापेक्षा हळू. आत्याबाई आरामात खेळत होती, पडद्यावर सतत दाखवत होती की आपण थोडे वरचढ. मग तिने स्वतःहून हत्तीला हत्ती दिला. दोघांचे राजे आणि चार-चार प्यादी उरली. समोरच्या प्रोग्रॅमने राजा एक घर बाजूला सरकवला. बस, एवढंच.

आणि आत्याबाईचा आकडा एका क्षणात वरचढवरून थेट खड्ड्यात. आता जे खेळेल त्याने हरणार होती, आणि खेळावं तर लागणारच होतं. आदल्या चालीपर्यंत म्हणत होती, सगळं छान आहे. बाईंनी चष्मा पुसला आणि म्हणाल्या, "तुमच्याकडे अडसर नाही वाटतं?" आम्ही तिसरे आलो. दंतवैद्य घरापर्यंत दोन पावलं पुढेच चालत होता. दाराशी म्हणाला, "काढलास ना तू?" मी हो म्हटलं.

घरात गेलो. दिवा लावला. तिसरा नंबर, म्हणजे गेल्या वर्षीपेक्षा पाच जागा वर. सांगायला कुणी नव्हतं.

२८ सप्टेंबर, सोमवार

पहाटे कधीतरी तिचा निरोप येऊन पडला होता, "पोचले. घर चांगलं आहे." काल सहाला पोचली असणार, रात्रभर थांबून मग धाडला. मी उत्तर दिलं, "ठीक."

अडसर परत घातला. एक ओळ. दोन मिनिटं लागली.

२९ सप्टेंबर, मंगळवार

दंतवैद्याचा राग गेला. दवाखान्यात बोलावून चहा दिला. म्हणाला, "अरे, साधा नियम आहे. पाळी आली की खेळावंच लागतं. गप्प बसणं ही चालच नाही." मग जरा वेळाने, "वहिनी परत कधी येणार?"

"विचारलं नाही अजून."

"तू तिकडे कधी जाणार?"

"तसं काही ठरलं नाही."

"तिने विचारलं नाही तुला, येता का म्हणून?"

मी म्हटलं, नाही, तसं कधी विचारलं नाही. त्याने माझ्याकडे, अक्कलदाढेच्या मुळाकडे बघावं तसं बघितलं. म्हणाला, "घरी जा. वही आहे ना तुझ्याकडे? वाच."

३० सप्टेंबर, बुधवार

वाचली.

खरं तर अडसर नेमका कधी काढला ते बघायला म्हणून उघडली. दहा तारखेला सापडलं. पण मग पहिल्या पानापासून वाचत गेलो. तुम्हाला काय वाटतं. तुमचं काम कुठूनही होतं. एक खोली जास्तीची आहे. खिडकी मोठी आहे. मी हो कळवू का. हे सगळं माझ्याच अक्षरात आहे. आणि प्रत्येकाखाली माझी अक्कल. चार फूट दोन इंच म्हणे!

कप्पाळ माझं. ती टेबल कशाला मोजत होती हे लेकीला कळलं असतं, दंतवैद्याला कळलं असतं, टेम्पोवाल्यालासुद्धा कळलं असतं. तिने आरडाओरडा केला असता तर मी मान वर केली असती, पण ती तसली नाहीच, आणि हे मला सव्वीस वर्षं ठाऊक आहे. मी चुकलो. तिला मी हवा होतो आणि मी काहीच बोललो नाही. घर खायला उठलंय. दुपारी टेबलाशी बसल्या बसल्या मला रडू आलं. ही नोंद घरगुती आहे.

तिला निरोप लिहायला घेतला. नऊ वेळा लिहिला, नऊ वेळा पुसला.

१ ऑक्टोबर, गुरुवार

सकाळपासून चार वेळा फोन लावला. उचलला नाही. काचेच्या खोलीत फोन नेत नाहीत, हे मला माहीत आहे. की उचलायचाच नव्हता, हे माहीत नाही. शेवटी फ्रिजवरच्या पत्रावर इस्पितळाचा नंबर होता, तो लावला. कुणा मुलीने उचलला.

"श्रवण तपासणी विभाग. पेशंट कोण, तुम्ही स्वतः का?"

मी सांगणार होतो की मला मॅडमशी बोलायचंय. पण मग ती विचारेल कोण बोलतंय, निरोप देऊ का, आणि मी म्हणेन काही नाही, सहज. मला मी चांगला माहीत झालोय आता. म्हणून म्हटलं, "हो, मी स्वतः."

"वय?"

"त्रेपन्न."

"ऐकू कधीपासून येत नाही?"

"सव्वीस वर्षं झाली असतील."

"बापरे! मग एवढे दिवस दाखवलं नाहीत कुठे?" ती टाइप करत होती, तो आवाज येत होता. "मॅडमकडे शनिवारी अकराची वेळ आहे. वीस मिनिटं मिळतील. चालेल?"

मी चालेल म्हटलं. तिने नाव विचारलं, मी सांगितलं. "अय्या, आमच्या मॅडमचं आडनावही हेच," म्हणाली. मी काही बोललो नाही. मग लगेच म्हटलं, "हो." उद्या दुपारी दोनची गाडी आहे. तिकीट एकाच बाजूचं काढलंय.

फोन ठेवायच्या आधी ती म्हणाली, "आणि काका, येताना घरचं कुणीतरी सोबत आणा हं. आपल्याला किती ऐकू येत नाही ते ज्याचं त्याला कळत नाही. घरच्यांनाच नीट सांगता येतं."

मी म्हटलं, "घरचं माणूस तिथेच आहे."